उजव्या चपलेतले बूच

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे मी ठासून सांगतो. माझी सारी नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्यात, कॉम्प्रेसर हाऊसमध्ये गेली. हवा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये. हवा कोंडता येते, मोजता येते, हवी तिथे नेता येते आणि नको तेव्हा सोडून देता येते. 'अंगात येणारी हवा' मात्र मी कधी पाहिलेली नाही, आणि ज्यांनी पाहिली असे म्हणतात त्यांना मी तोंडावर हसत आलो आहे. या सदरातले अनुभव वाचूनही हसलो आहे, हे प्रांजळपणे सांगतो.

तरी लिहायला बसलो, याचे कारण वेगळे आहे. मुलुंड पूर्वेला, मिठागराच्या बाजूला आमची सोसायटी आहे आणि माझ्या बाबतीत जे घडले त्याच्या तीन-चार हकिगती तिथे जिन्याजिन्यावर सांगितल्या जातात. त्या सगळ्या चुकीच्या आहेत. एकही सांगणारा तिथे हजर नव्हता. एक होती, पण तीसुद्धा आता आपली जबानी फिरवते आहे... म्हणून ज्याच्या नाकावर ही गोष्ट घडली, त्यानेच ती एकदा नीट सांगावी, हे बरे.

मला घोरण्याचा विकार. निवृत्तीनंतर तो इतका वाढला की भिंतीपलीकडच्या शेजारणीने, शांताक्कांनी, आपली खाट दुसऱ्या खोलीत नेली. त्यापेक्षा वाईट म्हणजे दिवसा येणारी झोप. जेवताना, वर्तमानपत्र वाचताना, एकदा तर रस्त्यात उभ्या उभ्या डोळा लागला. सत्त्याऐंशी साली मुलीकडे, सुधाकडे, सिडनीला गेलो, तेव्हा जावयांनी मला तिथल्या इस्पितळात नेले. डॉक्टर म्हणाले, झोपेत माझा घसा आतून मिटतो, श्वास अडतो, शरीर दचकून अर्धवट जागे होते आणि असे रात्रभर चालते. उपाय म्हणून त्यांनी एक यंत्र दिले. शिवणयंत्राच्या पेटीएवढा पंखा, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क आणि डोक्यामागे बांधायचे पट्टे. नाकातून हवेचा मंद दाब द्यायचा, म्हणजे घसा उघडा राहतो. हे मला एका वाक्यात पटले. दाबाने नळी उघडी राहते, हे तर माझ्या पोटापाण्याचे ज्ञान!

सिडनीत मी लहान मुलासारखा झोपलो. यंत्र घेऊन मुलुंडला आलो आणि पुन्हा जैसे थे. रात्री झोप तुटायची आणि दिवसा डोळे मिटायचे.

आता बिघडलेले यंत्र दुरुस्त करण्याची एक रीत असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि फरक पाहायचा. मी आधी वीज तपासली. विजेचा दाब बरोबर होता. मग मागची जाळी उघडली, तर ती इथल्या धुरळ्याने काळी पडली होती, ती धुतली. थोडा फरक पडला. मग ध्यानात आले की मिशीमुळे मास्क ओठावर नीट बसत नाही. सिडनीच्या नर्सबाईंनी मिशी काढायला सांगितली होती तेव्हा मी साफ नकार दिला होता. इथे मात्र न्हाव्यासमोर जाऊन बसलो.

"आबा, सगळी?" त्याने वस्तरा हातात धरून विचारले.

"सगळी."

"घरात कोण गेलं काय?"

"मीच जाईन, तू लवकर आटपलं नाहीस तर."

मिशी गेली, आणि घरी सून विजया तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. झोप मात्र अजूनही हवी तशी लागेना. म्हणून एका सकाळी मास्क हातात धरून मी यंत्र सुरू केले आणि कान लावला. नळी जिथे जोडतात त्याच्या जरा वर, मास्कला एक बारीक भोक होते आणि त्यातून हवा सारखी फुसफुसत बाहेर जात होती.

लीक!

ज्याने कॉम्प्रेसर हाऊसमध्ये आयुष्य काढले, त्याला त्या आवाजाने काय होते हे इतरांना कळणार नाही. हवेची गळती म्हणजे आमच्यात पाप. पाळीवर आलो की मी आधी डोळे मिटून उभा राहत असे आणि कुठे फुसफुसते ते ऐकत असे. तेव्हा मी जे केले ते कोणत्याही जाणत्या फोरमनने केले असते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कातरून त्याचे बूच घडवले, रबर सोल्यूशन लावून भोकात घट्ट बसवले. फुसफुस जवळजवळ बंद. सुधा आता फोनवर म्हणते की त्या भोकाविषयी नर्सबाईंनी बजावून सांगितले होते. मला कोणी काही सांगितलेले नाही. बाई हसून हसून बोलत आणि मी मान डोलवत असे, एवढेच मला आठवते.

त्यानंतर माझी प्रकृती आणखी ढासळली. सकाळी उठल्यावर डोके असे जड की जणू कोणी आत ओले सिमेंट ओतले आहे. दिवसा तर विचारूच नका. आणि इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप इमारत झाली तेव्हापासून माझ्या हाती आहे. नळाला पाणी आले की पंप लावायचा, टाकी भरली की बंद करायचा. पंपखोलीची किल्ली माझ्या गळ्यात असते. निवृत्त माणसाला लोक नमस्कार करतात ते सवयीने. मला करतात ते पाण्यासाठी, आणि मला तेच आवडते. तर एका दुपारी मी पंप लावून स्टुलावर बसलो आणि झोपलो. खालच्या टाकीतले पाणी संपले, पंप कोरडा चालत राहिला आणि जळला. सेक्रेटरी पाटणकर मला हलवून जागे करत होते तेव्हा खोलीभर धूर होता.

"आबा, आता पुरे. किल्ली द्या," ते म्हणाले.

"किल्ली सभेने दिली आहे, सभाच घेईल."

"मग सभेतच घेऊ. पण तिथे तरी जागे राहा म्हणजे झालं."

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. ती किल्ली गेली असती तर मी घरात नुसता एक घोरणारा म्हातारा उरलो असतो.

त्या दिवसापासून मी जिद्दीला पेटलो. थकवा राहतोय म्हणजे कुठेतरी दाब कमी पडतोय, म्हणजे बूच अजून घट्ट हवे, असा माझा हिशेब. दुपदरी ट्यूबचे नवे बूच ठोकून बसवले. आणि नेमके तेव्हाच ते सुरू झाले.

एका सकाळी उठलो तर मास्क फुसफुसत होता. बूच नव्हते. गादीवर शोधले, खाटेखाली शोधले. शेवटी खाटेशेजारच्या चपला घालून बाहेर जाऊ म्हटले, तर उजव्या पायाला काहीतरी टोचले. बूच चपलेत होते.

मी ते हातात घेऊन खाटेवर बसलो. का, ते सांगतो.

आमच्या कॉम्प्रेसर हाऊसमध्ये बाहेरच्या चपला दाराशी काढून बूट घालायची पद्धत होती. चपलांची ओळ दाराशी असे. माझ्या हाताखाली रामा नावाचा एक मदतनीस होता, भांडुपच्या खाडीकाठचा कोळी. धिप्पाड माणूस आणि तोंडाचा फाटका. कुठला कॉक, कुठला प्लग काही कारणाने उघडून ठेवावा लागला की रामा ती काढलेली वस्तू जबाबदार माणसाच्या उजव्या चपलेत टाकायचा. म्हणजे घरी जाताना पायाला ती लागणारच, आणि काहीतरी उघडे आहे हे समजल्यावाचून कोणी दाराबाहेर पडणार नाही. "इसरशील कसा? पायच बोलंल तुला," असे तो म्हणे. पुढे साऱ्या खात्याची ती रीत झाली. पण खात्याची, घरची नव्हे. कारखान्यातल्या गोष्टी मी घरी कधी बोललो नाही. मुलगा प्रकाश घाटकोपरला बँकेत. त्याने कारखान्याचे फाटकही ओलांडलेले नाही. आणि रामा? तो माझ्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी काविळीने गेला. मी स्वतः पोहोचवायला गेलो होतो.

पण त्या सकाळी मी हे कोणाला बोललो नाही. सरळ विजयाला हाक मारली.

"माझ्या मशीनला कोणी हात लावला?"

"कोणी नाही हो आबा. धूळ पुसायचीसुद्धा परवानगी नाहीये ना आम्हाला!"

"मग बूच माझ्या चपलेत कसं?"

"तुम्हीच काढलं असेल झोपेत. ह्यांना नाही का, झोपेत उशी खाली टाकायची सवय आहे?"

"उशी आणि सोल्यूशनने बसवलेलं बूच यांत फरक आहे, विजया."

"बरं, आहे. चहा घेताय ना?"

नवे बूच केले. पुन्हा तेच. दाराला आतून कडी घालून झोपलो. सकाळी कडी जागच्या जागी, आणि बूच उजव्या चपलेत. चपला कपाटात ठेवून कपाटाची किल्ली उशीखाली घेतली. सकाळी कपाट उघडले तर बूच चपलेत, आणि तेही उजव्याच. प्रकाशला हे सांगितले. तो हळूच म्हणाला, "आबा, मशीन थोडे दिवस बंद ठेवूया का?" त्याला माझ्या यंत्राची नव्हे, डोक्याची काळजी वाटत होती. मी त्याला खोलीबाहेर काढले.

तरी डोके गरगरत होते आणि सभा जवळ येत होती. साकीनाक्याला माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाचे लेथचे दुकान आहे. त्याच्याकडे जाऊन मी पितळेचा, आट्यांचा छोटा प्लग करून घेतला. मास्कच्या भोकाला आतून आटे पाडले. प्लगच्या आट्यांवर सुती दोरा गुंडाळला, जसा पाण्याच्या नळाला गुंडाळतात तसा, आणि पक्कडीने पिळून बसवला. आता तो हाताने निघणे शक्य नव्हते. शिवाय दोऱ्याची एक गंमत असते. प्लग उलटा फिरवून काढला की दोरा फाटतो, त्याची लक्तरे होतात. कोणी काढलाच, तर दोराच सांगेल.

आणि या खेपेला साक्षीदारही हवा होता. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी विजयाला म्हटले, "मी तासभर झोपतो. तू इथेच बस आणि माझ्यावर लक्ष ठेव."

"आबा, मला उद्याचं बिरडं सोलायचंय."

"इथे बसून सोल."

"आणि तुम्ही चालायला लागलात तर?"

"तर प्रकाशला हाक मार. आणि ही पक्कड तुझ्याजवळ ठेव."

ती कपाळाला आठ्या घालून परात आणि भिजलेले वाल घेऊन माझ्या खाटेशेजारी खाली बसली. पक्कड परातीखाली ठेवली. चपला माझ्या पायांच्या बाजूला, भिंतीशी, तिच्या डोळ्यांसमोर. दार लावलेले. बाहेरच्या खोलीत प्रकाश क्रिकेटची मॅच पाहत होता. मॅचचा आवाज येत होता. मास्क चढवला, चादर छातीपर्यंत ओढली, हात चादरीखाली घेतले. परातीत वाल पडल्याचे टपटप आवाज ऐकता ऐकता मला झोप लागली.

जाग आली ती विजयाच्या किंकाळीने.

"आबा! आबा, उठा!"

ती उभी होती. परात उपडी, बिरडे जमिनीभर. नाकावरचा मास्क फुसफुसत होता. माझे दोन्ही हात चादरीखालीच होते. ते बाहेर काढताना चादरीत अडकले, हे मला स्वच्छ आठवते.

"काय झालं?"

"आधी तुमचा आवाज बंद झाला. घोरणं नाही, काहीच नाही... मी वर बघितलं. तुमचा चेहरा कसातरी झाला होता, काळसर. मी हाक मारणार तेवढ्यात मशीनचा आवाज बदलला. फुस्स करून. आणि मग तिकडे टक् झालं."

"कुठे?"

तिने बोट केले. उजव्या चपलेत पितळेचा प्लग होता. मी तो उचलला. कोमट होता. आट्यांवरचा दोरा जसा गुंडाळला तसाच होता, एक पदर तुटलेला नाही. पक्कड उपड्या परातीशेजारी पडली होती, तिच्याच पायाशी.

प्रकाश धावत आला, आणि तेव्हा प्रथमच मी त्या दोघांना रामाची रीत सांगितली. विजया ऐकता ऐकता चपलांपासून दूर सरकली. दुसऱ्या दिवशी प्रकाशने रजा टाकली आणि मला, मास्कला आणि प्लगला घेऊन घाटकोपरला एका छातीच्या डॉक्टरांकडे गेला. हे डॉक्टर परदेशात शिकून आलेले आणि असे यंत्र पाहिलेले. माझ्या नातवाच्या वयाचे दिसत होते. त्यांनी मास्क उजेडात धरला, भोकाला पाडलेले आटे पाहिले आणि विचारले,

"हे काय केलंय?"

"लीक होतं. बंद केलं."

"आजोबा, हे लीक नाही. तुम्ही जो श्वास सोडता तो इथून बाहेर जातो. हे बंद केलं की तुमचाच सोडलेला श्वास तुम्ही पुन्हा आत घेणार. म्हणून डोकं जड, म्हणून दिवसा झोप. रात्रभर हे पूर्ण बंद असतं तर..." त्यांनी मास्क टेबलावर ठेवला. "किती दिवस बंद होतं?"

"घट्ट केलं तेव्हापासून रोज लावत होतो. रोज निघत होतं."

"कोण काढत होतं?"

मी प्रकाशकडे पाहिले. प्रकाश खिडकीबाहेर पाहू लागला.

"ज्याने कोणी काढलं," डॉक्टर म्हणाले, "त्याचे पाय धरा."

आता लोकांच्या हकिगतींकडे येतो. डॉक्टरांना सगळे सांगितल्यावर ते म्हणाले, गुदमरलेले शरीर झोपेत काहीही करते. मीच ते काढत असणार. प्रकाशने हे लगेच उचलले आणि सोसायटीत तेच सांगतो. मी त्याला विचारतो, चादरीखालचे हात पितळेचा प्लग काढतात, दोरा न फाडता काढतात आणि पायथ्याशी नेम धरून उजव्या चपलेत टाकतात? तो टीव्हीचा आवाज वाढवतो. विजया हल्ली म्हणते, "मला पण डुलकी लागली असेल आबा, रविवारचं जेवण झालं होतं." मग किंकाळी कोणी मारली? झोपलेल्या बाईने? घाबरलेला माणूस पुढे आपलेच डोळे खोटे पाडतो. मी तिला दोष देत नाही, पण तिची दुसरी जबानी मला मान्य नाही.

आणि शांताक्का! त्या मालवणच्या. विजयाने त्यांना काय ते सांगितले, आणि तेव्हापासून जिन्यात भेटल्या की हात जोडतात. "आबानू, ह्या काम माणसाचा न्हय. तो तुमचो रामा तुमच्या उशाक उभो आसता. त्याका नारळ देवा."

त्यांना मी जे सांगितले तेच इथे लिहितो. रामा नाही. रामाला मी ओळखतो. मी चुकीचा कॉक बंद करतो आहे असे दिसले असते, तर तो गुपचूप काढून चपलेत टाकणारा माणूस नव्हता. त्याने आधी मला गदागदा हलवून उठवले असते आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. गुपचूप काही करणे त्याच्या रक्तात नव्हते.

हे मी घरी, जेवताना म्हटले. विजया वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "उठवलं असेल आबा. तुम्हीच उठला नसाल."

त्यावर मला काही सुचले नाही. आयुष्यात प्रथमच, असे प्रकाश म्हणतो. त्याचे हेही म्हणणे मला मान्य नाही. पण त्या दिवशी भात तसाच राहिला, हे खरे.

जावयांनी नवा मास्क पाठवला. भोक उघडे ठेवून झोपू लागलो आणि आठवडाभरात माझे दिवस मला परत मिळाले. सभेला मी पहिल्या रांगेत बसलो, पाटणकरांचा सगळा अहवाल डोळे उघडे ठेवून ऐकला आणि त्यातल्या चुका दाखवल्या. किल्ली माझ्या गळ्यात आहे. नव्या पंपाच्या आवाजावरून टाकी किती भरली हे मी तिसऱ्या मजल्यावरून सांगू शकतो.

मग एक राहिलेली तपासणी मी केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही रीत वर सांगितलीच आहे. जुना मास्क काढला, दोरा गुंडाळून पितळेचा प्लग पक्कडीने पक्का बसवला, यंत्र सुरू करून तो मास्क उशीवर ठेवला आणि मी स्वतः बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपलो. चपला नेहमीच्या जागी. सकाळी जाऊन पाहिले. प्लग जागच्या जागी होता. चप्पल रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तसेच, तिसऱ्या दिवशी तसेच. माझे नाक आत नसेल तेव्हा त्या भोकाशी कोणाला काही देणेघेणे नव्हते.

याचा अर्थ काय, ते मला सांगता येत नाही. हवा, दाब, दोरा, आटे, जे जे मला कळते ते सारे लावून पाहिले. हिशेब जुळत नाही. कोणा वाचकाला जुळवता आला तर जरूर कळवावे, फक्त झोपेत चालण्याचे तेवढे सांगू नये.

रोज सकाळी पाय घालण्यापूर्वी मी उजवी चप्पल हातात घेऊन उलटी करतो आणि झटकतो. समोरच्या बिऱ्हाडातले लोक म्हणतात, म्हाताऱ्याला झुरळांची भीती वाटते.

म्हणोत. तेही खोटे आहे.